सव्वादोन तासांचे अंतर

नाशिकच्या ओझर विमानतळापासून झारखंडातील देवघर विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते. जेट विमानाच्या नेहमीच्या वेगाने ते कापण्यास सव्वादोन तास पुरतात. मोबाइलवर दोन गावांची नावे घातली की हे दोन्ही आकडे क्षणात समोर येतात. घरात सम्मेद शिखरजीच्या यात्रेचा विषय निघालेला असेल, तर हे आकडे पाहून कोणाचेही मन हरखून जाईल. शुक्रवारी आईवडिलांना घेऊन निघावे, शनिवारी पर्वताची वंदना करावी, रविवारी परतावे आणि सोमवारी सकाळी दुकानाचे कुलूप उघडावे, असा बेत त्या आकड्यांतून आपोआप जन्मास येतो.

वाचकहो, आकडे खोटे नाहीत. तरीही त्यांच्या आधारावर बेत आखणे धोक्याचे आहे, कारण नाशिकहून देवघरला थेट जाणारे प्रवासी विमानच नाही. जो माल बाजारात विकायलाच आलेला नाही, त्याचा भाव पाहून दिवाणखाना सजवण्यासारखे ते होईल. दोन लहान विमानतळांमधले अंतर आणि प्रत्यक्ष प्रवासाला लागणारा वेळ यांचा संबंध किती सैल असतो, हे या वेळी हिशेबाने पाहू. वृद्ध माणसे सोबत असतील तर या हिशेबाला विशेष महत्त्व आहे.

आकडा निघतो कसा?

पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी खिळे ठोकून त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणला, तर तो जेथून जाईल तो त्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग. दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असले की या दोऱ्याची लांबी गणिताने काढता येते. ओझर साधारण २०.१ अंश उत्तर अक्षांश व ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, देवघर २४.४ अंश उत्तर व ८६.७ अंश पूर्व. यावरून १,४०० किलोमीटर हा आकडा येतो. त्यास सुमारे ८०० किलोमीटर या ताशी वेगाने भागले की पावणेदोन तास येतात. चढणे, उतरणे आणि धावपट्टीपर्यंत चालत जाणे यांसाठी अर्धा तास धरला की झाले सव्वादोन तास.

या गणितात तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले, विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल. दुसरे, ते जेट असेल. तिसरे, असे विमान मुळात उडत असेल. लहान विमानतळांच्या बाबतीत ही तिन्ही तपासून पाहावी लागतात. छोट्या मार्गांवर पुष्कळदा पंख्याची, म्हणजे एटीआर जातीची विमाने असतात. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. जे अंतर जेट दोन तासांत तोडते, त्यास अशा विमानाला तीन तास लागू शकतात. तिसरे गृहीतक तर आपल्या उदाहरणात पहिल्याच पायरीवर कोसळते.

पूर्वेला जायचे, तर आधी उत्तरेला

थेट विमान नसल्यामुळे प्रवास एखाद्या मोठ्या शहरामार्गे करावा लागतो. देवघरचा विमानतळ १२ जुलै २०२२ रोजी सुरू झाला आणि दिल्लीशी जोडला गेला. म्हणून नाशिकहून दिल्ली आणि दिल्लीहून देवघर हा मार्ग आपण उदाहरणादाखल घेऊ. पहिला टप्पा सुमारे ९९० किलोमीटर, दुसरा सुमारे १,०६०. बेरीज २,०५० किलोमीटर. सरळ अंतराहून ६५० किलोमीटर जास्त. बंगळूरुमार्गे जायचे ठरवले, तर बेरीज २,४०० किलोमीटरच्या पुढे जाते. ईशान्येकडच्या गावासाठी आधी दक्षिणेची वाट धरावी लागते.

परंतु खरा फरक किलोमीटरांत पडत नाही, तो थांबण्यात पडतो. व्यापारी घरात हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाजार समितीत बोललेला भाव आणि माल गोदामात येऊन पडेपर्यंत बसलेला भाव यांत आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे आणि तूट एवढे सगळे असते. बोललेल्या भावावर नफा मोजणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. विमानाची उड्डाणवेळ हा बोललेला भाव आहे. घराच्या उंबऱ्यापासून धर्मशाळेच्या उंबऱ्यापर्यंत लागणारे तास हा घरपोच भाव आहे.

तो आता मांडू. नाशिक शहरातून ओझर सुमारे २० किलोमीटर. वाहतूक धरून पाऊण तास. देशांतर्गत विमानाची सामानखिडकी साधारणतः उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचावे. दिल्लीपर्यंत दोन तास. दिल्लीत पुढच्या विमानासाठी तीन तास, आणि हे तीन तास म्हणजे वेळापत्रक अनुकूल असले तरचे. दिल्ली ते देवघर दोन तास. उतरून सामान घेण्यास अर्धा तास. देवघरहून गिरिडीहमार्गे मधुबन हे सव्वाशे किलोमीटरच्या आतले अंतर, पण रस्ता पाहता तीन तास धरावेत. एकूण पावणेतेरा तास. सव्वादोनाचे पावणेतेरा झाले, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक.

आणि दिल्लीला पोहोचेपर्यंत देवघरचे विमान सुटून गेलेले असेल, तर दिल्लीत रात्र काढावी लागते. मग तोच प्रवास चोवीस तासांच्या घरात जातो.

दुसरी वाट पाहू. नाशिकहून मोटारीने मुंबई विमानतळ चार तास, तेथे दोन तास आधी हजेरी, मुंबई ते रांची सुमारे १,३७० किलोमीटरचे अडीच तासांचे थेट उड्डाण, सामानासाठी अर्धा तास, आणि रांचीहून मधुबनपर्यंत मोटारीने साधारण साडेचार तास. बेरीज साडेतेरा तास. गावाच्या विमानतळावरून निघालो काय किंवा मुंबईहून निघालो काय, वेळ जवळजवळ सारखाच. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबईची बाजू आणखी बळकट झाली आहे. शिवाय मुंबईच्या वाटेवर विमान एकदाच बदलण्याचाही प्रश्न येत नाही. दिल्लीच्या वाटेवर तो येतो.

तिसरी वाट जुनी आहे. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. त्यापूर्वी आपल्या भागातून शिखरजीला निघणारा संघ बैलगाडीने किंवा पायी महिनोन्‌महिने चालत असे. आजही नाशिकरोडहून प्रयागराज आणि गया मार्गे हावड्याकडे जाणारी मेल थेट पारसनाथ स्थानकावर उतरवते. तेथून मधुबन वीस-पंचवीस किलोमीटर. गाडीत चोवीस तासांहून बरेच अधिक जातात, हे खरे. पण माणूस एकदा चढतो आणि एकदा उतरतो. मधल्या वेळेत त्यास आडवे होता येते, घरचा डबा खाता येतो, औषधे वेळेवर घेता येतात.

थेट विमान का नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. तो हिशेबाने विचारला तर उत्तर लवकर सापडते. १८० आसनांचे एक विमान रोज सोडायचे, तर वर्षाला एका बाजूची ६५,७०० आसने विकावी लागतील. नाशिक जिल्ह्यातून शिखरजीला आणि झारखंड-बंगालकडून गजपंथा, मांगीतुंगीकडे येणारे यात्री पुष्कळ असले, तरी ते रोज सारख्या संख्येने येत नाहीत. थंडीच्या महिन्यांत ते दाटतात, मोक्षसप्तमीच्या सुमारास दाटतात आणि एरवी विरळ होतात. विमान मात्र रोज उभे राहते, रोज खर्च मागते. म्हणून कंपन्या लहान गावांतील प्रवासी मोठ्या शहरात गोळा करतात आणि तेथून त्यांना वाटून देतात. पोस्टखात्याची पत्रे जशी आधी मोठ्या छाननी कार्यालयात जातात, तसेच हे आहे.

हा खर्च शासनाने काही काळ उचलावा, म्हणजे मार्ग रुजेल, या विचाराने ‘उडान’ योजना आली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला ते दिल्ली हे तिचे पहिले उड्डाण झाले. सुमारे तासाभराच्या प्रवासास विमानातील निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवायचे आणि कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची, अशी तिची रचना. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे आणि त्यामुळे लांब धावपट्टीही आहे. प्रवासी इमारत २०१४ मध्ये उभी राहिली. पण नियमित विमानांची चाहूल खऱ्या अर्थाने लागली ती या योजनेमुळे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्ली जोडली. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच थांबली आणि ते उड्डाणही थांबले. पुढे हैदराबाद, अहमदाबाद, बेळगाव अशी नावे फलकावर आली, काही गेली, काही पुन्हा आली. मार्च २०२३ पासून इंडिगोने नाशिकला पाय रोवला.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात या योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्या तपासल्या. मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मदत संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते ५४. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर अनुदानावर उभे राहिलेले खाते अनुदान संपताच थकीत होते की स्वतःच्या उलाढालीवर चालते, ही खरी परीक्षा. तीत शंभरातले सात मार्ग उत्तीर्ण झाले.

यात नाउमेद होण्यासारखे काही नाही. लहान विमानतळांमध्ये थेट विमान असले म्हणजे काय घडते, हेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये स्टार एअरने बेळगाव आणि नाशिक जोडले. सरळ अंतर सुमारे ४८० किलोमीटर, वेळ तासाभराचा. रस्त्याने पुणे, कोल्हापूर करत जायचे तर साडेपाचशे किलोमीटर आणि दहा तास. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात आपल्या अनेक घरांच्या सोयरिकी आहेत. सकाळी निघून साखरपुड्याला उपस्थित राहावे आणि मुक्काम न करता परतावे, ही गोष्ट अशा सेवेनेच शक्य होते. थेट विमान असेल तर उड्डाणवेळ आणि प्रवासवेळ एकमेकांच्या जवळ येतात. ते नसेल तर दोघांची ताटातूट होते.

घड्याळ एकच, सूर्य निराळा

आपल्या घरांसाठी आणखी एक हिशेब आहे, तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरवलेली आहे. नाशिक त्याच्या पश्चिमेस, देवघर पूर्वेस. दोघांमधला फरक १२.८ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून देवघरचा सूर्य नाशिकच्या सूर्याहून सरासरी ५१ मिनिटे पुढे असतो. दोन घटिकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा; म्हणजे विमानाने आपल्याला जवळजवळ एक मुहूर्त पूर्वेला नेऊन ठेवलेले असते, आणि मनगटावरचे घड्याळ मात्र काहीच सांगत नाही.

अक्षांशातील फरकामुळे हिवाळ्यात हे अंतर आणखी वाढते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. देवघरला तो पाचलाच होतो. चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांचे दुपारी साडेतीनला उतरणारे विमान तासभर उशिरा आले, तर सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत सूर्य मावळलेला असेल. नाशिकच्या सवयीने ‘अजून सहा वाजायचे आहेत’ म्हणत डबा गाडीत ठेवला, तर त्या दिवशीचे भोजन राहिलेच. म्हणून थैलीत तळाशी नव्हे, हाताशी डबा ठेवावा आणि सूर्यास्ताची वेळ मुक्कामाच्या गावची पाहावी. सकाळी याच्या उलट सोय होते. नवकारसीची वेळ तेथे लवकर येते.

हिवाळ्याचे आणखी दोन परिणाम ध्यानात असावेत. या दिवसांत उत्तर भारतावर उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटर धरला, तरी दिल्लीहून देवघरला जाताना आणि परत येताना लागणाऱ्या वेळेत एकोणीस-वीस मिनिटांचा फरक पडतो. म्हणून जातानाची वेळ पाहून परतीचे पुढचे विमान घट्ट बसवू नये. दुसरा परिणाम धुक्याचा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची सकाळची विमाने धुक्याने रखडतात, आणि तेथे रखडलेले विमान पुढच्या लहान गावाला दिवसभरातले एकमेव असू शकते.

देह हे सामान नव्हे

आता मूळ बेताकडे वळू. शुक्रवारी निघून सोमवारी दुकान. पहाटेच्या विमानासाठी तीनला उठलेली सत्तरीची आई तेरा तासांनी मधुबनला पोहोचते. तेथे पर्वताची वंदना मध्यरात्रीनंतरच, दोन-तीन वाजता सुरू होते. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार, एकूण २७ किलोमीटर. पारसनाथाचे शिखर १,३६५ मीटर उंच आहे. डोलीत बसले तरी थंडी, वारा आणि जागरण चुकत नाही. अनेकजण उपवासात चढतात. त्यात आदल्या दिवसाचा शीण मिळवला, म्हणजे चोवीस तासांत दोनदा रात्र जागून, रिकाम्या पोटी, गुडघेदुखीची गोळी चुकवून ती माउली वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर उभी राहणार. दर्शन होईल, पण ते तिच्या लक्षात राहील का?

मुले वाईट नसतात. त्यांना वाटते, विमानाने नेले म्हणजे त्रास वाचवला. वाचतो तो मुलांचा वेळ. आईच्या वाट्याला रांगा, जिने, चाकांच्या खुर्चीसाठी ताटकळणे आणि अनोळखी टर्मिनलमधली धावपळ येते. एखाद्या घरात याच्या नेमके उलट होते. ‘तीन दिवस सलग मोकळे मिळतील तेव्हा नेऊ’ असे म्हणत वर्षे जातात, आणि मग गुडघे, हृदय किंवा डोळे यांपैकी काहीतरी नकार देते. चाळीस वर्षे बँकेत मुदतठेवींचे नूतनीकरण पाहिल्यावर एवढे सांगू शकतो की पैशाची ठेव पुढे ढकलता येते. वडिलांच्या प्रकृतीची ठेव आपोआप नूतनीकृत होत नाही.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात. पहिली, घरापासून मुक्कामापर्यंतचे एकूण तास. दुसरी, वाहने किती वेळा बदलावी लागतात. वृद्धांसाठी हा आकडा तासांहून मोठा मानावा. तिसरी, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर आहेत की नाही. एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. स्वतंत्र तिकिटे असतील, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे आपल्या खात्यावर नावे पडतात. चौथी, परतीच्या दिवसाचे वेळापत्रक. विमानांची हिवाळी वेळापत्रके ऑक्टोबरच्या आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. फाल्गुनातील यात्रेचे तिकीट पौषात काढले असेल, तर ते उड्डाण तेव्हा असेल याची खात्री निघण्यापूर्वी पुन्हा करून घ्यावी.

आणि पाचवी ओळ शक्य असल्यास लिहावी: मधुबनला पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती, वंदना त्यानंतर. जाताना रेल्वे व येताना विमान, किंवा प्रकृतीप्रमाणे याच्या उलट, असाही मेळ घालता येतो. दहा-बारा जणांचा संघ असेल तर विमान कंपन्यांकडून समूहाची नोंदणी होते आणि ज्येष्ठांसोबत दोन तरुण देता येतात. यासाठी सहा-सात दिवस लागतील. दुकान तेवढे दिवस मुनीमजींवर किंवा धाकट्या भावावर सोपवावे लागेल.

नाशिक ते देवघर १,४०० किलोमीटर, सव्वादोन तास. हा आकडा वहीत एका कोपऱ्यात जरूर लिहून ठेवावा. उद्या थेट विमान आले तर कामास येईल. आजचा जमाखर्च मात्र तेरा तासांचाच आहे, आणि सात दिवसांच्या सवडीचा. सवड काढण्याचे काम कोणतीही विमान कंपनी करून देणार नाही. ते घरातल्या कर्त्या माणसालाच करावे लागेल.